मुरमावरचे हंबीरराव

पुष्करने आयुष्यात जे काही लिहिलं, त्यातलं एकच वाक्य सरकारने मनावर घेतलं; आणि नेमकं तेच खोटं होतं.

‘सदर रस्त्यावरून दररोज शेकडो विद्यार्थी, शेतकरी व दूध उत्पादक सायकलवरून ये-जा करीत असून, रस्त्याच्या दुरवस्थेमुळे त्यांच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे.’ चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात, हंबीररावांच्या ओसरीवर बसून, मांडीवर पाट घेऊन त्याने हे लिहिलं आणि लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा वाचलं. इतकं ते त्याला आवडलं होतं. वास्तविक सदर रस्त्यावरून दिवसाला दोन सायकली जात. एक हंबीररावांची आणि दुसरी अर्ज लिहिणाऱ्याची. एका गवळ्याची तिसरी यायची, पण म्हैस आटली की तीही बंद. शेकड्याने मोजावं असं तिथून काही जात असेल तर ती धनगरांची मेंढरं. आणि ती सायकलवर नव्हती.

पण अर्ज म्हटला की असंच लिहायचं असतं, अशी पुष्करची पक्की समजूत. रहिमतपुरात नववीत असताना अर्जलेखनाला त्याला दहापैकी नऊ पडले होते. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, ‘अर्जात माणूस कधी एकटा नसतो रे, समस्त ग्रामस्थ असतो.’ शाळेत शिकलेल्या बाकी सगळ्या गोष्टी पुष्कर विसरला. ही तेवढी राहिली.

कालवा वाईकडून येतो, डोंगराच्या पायथ्यापायथ्याने वळणं घेत. त्याच्या काठाने मुरमाचा रस्ता होता. तो लोकांसाठी नव्हताच मुळी. कालव्याला पाणी सोडलं की साहेबाची जीप बघायला यायची, तेवढ्यापुरता तो. दोन्ही टोकांना लोखंडी आडवा बार, बाराला कुलूप, कुलपाची किल्ली सातारला. सायकल मात्र आडवी करून बाराखालून काढता यायची. एकदा पलीकडे गेलं की एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, वर करंजाची सावली आणि चाकाखाली तांबड्या मुरमाची करकर. एसटी नाही, ट्रक नाही, माणसं कोंबून धावणारी वडापची जीप नाही. कालव्याला किलोमीटरचे दगड आहेत; एक्केचाळीसच्या दगडापासून पन्नासच्या दगडापर्यंत, म्हणजे टेकाच्या वाडीपासून रहिमतपूरच्या अलीकडेपर्यंत, ‘ए, बाजूला हो’ म्हणणारं कुणी नाही.

पुष्कर या रस्त्याला लागला तो काही निसर्गाच्या ओढीने नव्हे. बीकॉम होऊन दीड वर्ष झालं होतं आणि टेकाच्या वाडीशेजारच्या त्याच्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, ‘सध्या काय करतोस?’ वाणी पुडी बांधता बांधता विचारायचा. न्हावी गळ्यावर वस्तरा टेकवून विचारायचा, म्हणजे पळायचीही सोय नाही. तेव्हा टायपिंगच्या क्लासला जातो म्हणून घरातून सायकल काढायची आणि कालव्याला लागायचं, असा पुष्करने रिवाज केला. त्या रस्त्यावर भेटणारा माणूस एकच, आणि तो ठार बहिरा. त्यानेही पहिल्या भेटीत तोच प्रश्न विचारला, नाही असं नाही. पण त्याला उत्तर दिलं काय न दिलं काय, सारखंच होतं.

तो माणूस म्हणजे टेकाच्या वाडीचे हंबीरराव; सतरा वर्षं ते तोफखान्यात होते. पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढाया तोफेच्या बाजूला उभं राहून काढलेल्या. शत्रूची एक गोळी अंगाला लागली नाही; कान गेले ते आपल्याच तोफेने. “दुस्मनाला काय म्हनायचं? घरच्या मान्सानंच कान खाल्लं,” असं ते हसत सांगत, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे इतक्या मोठ्याने सांगत की कालव्यातले बगळे उडत. मिरजेला लेक दाखवायला घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, शीर मेली आहे. तरी मशीन दिलं. ते लावलं की कानात नुसत्या शिट्ट्या. “रातध्याड मिरज जंक्शन कानात घिऊन हिंडू व्हय?” म्हणून हंबीररावांनी ते काढून टाकलं. सायकलच्या कॅरिअरला एक पत्र्याची डबी बांधलेली असायची, तीत सोल्यूशन, पॉलिश पेपर, रबराचे तुकडे असायचे. त्या सामानात ते मशीनही पडून होतं.

त्या डबीमुळेच दोघांची ओळख झाली. चव्वेचाळीसच्या दगडापाशी पुष्करच्या मागच्या चाकाची हवा गेली. पंक्चर कुठे दिसेना. हंबीरराव आपल्या काळ्या चोवीस इंची सायकलवरून आले, उतरले आणि काही न विचारता त्यांनी बोटाला थुंकी लावून ती वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, तोंडाला लावली. बुडबुडा फुगला. फुसफुस ऐकू येणारा पुष्कर नुसता बघत राहिला आणि बहिऱ्या माणसाने दोष शोधला. मग डबीतून वालट्यूब निघाली. ती म्हणजे वॉलवर चढवायची बारकी रबरी नळी, इतकी बारकी की हरवली तर शोधायलाही कुणी वाकणार नाही. हंबीररावांनी बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडला, ओला करून वॉलवर चढवला, हवा भरली.

“उसना दिलाय, ध्येनात ठिव,” ते म्हणाले. “इनाम न्हवं. आमच्या हितं मिल्ट्रीचा कायदा हाय. एक वस्तू गेली की एक परत आली पायजे.”

पुष्करने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेट झाली तर दुरूनच आरोळी, “काय बीकॉम, माजी वालट्यूब?” पुष्करने कपाळावर हात मारला आणि बोटाने ‘उद्या’ अशी खूण केली. तिसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरात तो दोघांचा रामराम होऊन बसला. वालट्यूब रहिमतपुरात कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळत होती, चहाच्या अर्ध्या कपापेक्षाही स्वस्त. पण देऊन टाकली तर माणूस हाक काय मारणार, असं कारण पुष्करने स्वतःसाठी शोधून ठेवलं. खरं कारण सोपं होतं. तो विसरायचा.

बोलणं व्हायचं ते असं: हंबीरराव तोंडाने बोलत आणि पुष्कर काटकीने मुरमावर लिही. हंबीरराव चौथी शिकलेले. ठळक अक्षर काढलं की वाचत. लिहिताना फार शब्द परवडत नाहीत, त्यामुळे पुष्करची जन्माची सवय सुटून तो त्या रस्त्यापुरता मोजकं आणि खरं बोलायला लागला.

एकदा त्याने लिहिलं, ‘मागून कुणी आलं तर?’

“कळतंय की.” हंबीररावांनी दोन्ही तळवे पुढे केले. “ह्यात कळतंय. मुरूम बोलतोय रं. हितला मुरूम डोंगरातला हाय, टनक. दांड्यात टाकटाक वाजतोय. त्रेचाळीसपातूर वड्यातला हाय, गोल. त्यो गुळगुळ करतोय. बैलगाडी मागं असली तर हाताला मुंग्या येत्यात. आता तू. वळनावर हुतास तवाच मला ठावं झालं, बीकॉम आला.”

पुष्करला हे पटलं नाही. त्याने चार दिवस उसाच्या आडून, मागून गुपचूप येऊन परीक्षा घेतली. दोनदा हंबीररावांनी मागे न बघता “या बीकॉम” म्हटलं. उरलेले दोन दिवस ते पुष्कर यायच्या आधीच मोकळ्या रस्त्याला “या बीकॉम” म्हणत चालले होते. म्हणजे विद्या निम्मी खरी होती. पण त्या रस्त्यावर निम्मी पुरत होती, कारण मागून येणारा फार तर बैल होता.

“आणि डांबरावर?” हे पुष्करने लिहिलं नाही, नुसतं पुढे हायवेकडे बोट दाखवलं.

“डांबर मुकं हाय. चाकातनं काय कळत न्हाई. त्याच्यावर मी दोनदा बहिरा.”

याला दाखला होता. एकोणनव्वद साली कोरेगावच्या रस्त्याला मागून ट्रक हॉर्न देत आला. हंबीरराव आपले मधून चाललेले. ट्रकवाल्याने शेवटच्या क्षणी वळवला म्हणून खांद्याच्या हाडावर निभावलं. अंबूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तीन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. काढून उपयोगही नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी पालीच्या खंडोबाचा भंडारा तळहातावर घेतला, कोळशाने जमिनीवर एक जाड काळी रेघ ओढली, रेघेवर सायकल काढली, सायकलवर फुली मारली आणि हात पुढे केला. हंबीररावांनी भंडारा उचलून कपाळाला लावला. डांबरावर सायकलचं चाक टेकवणार नाही. भंडारा उचलला म्हणजे संपलं. तिकडच्या माणसाला कोर्टातला साक्षीदार फिरलेला चालतो, भंडारा उचललेला फिरलेला चालत नाही.

सत्तेचाळीसच्या दगडाशी कालव्याला एक डांबरी रस्ता आडवा जातो. तिथे हंबीरराव उतरत, ती लोखंडाची चोवीस इंची सायकल खांद्यावर घेत, डावं-उजवं बघून रस्ता ओलांडत आणि पलीकडे मुरमावर टेकवून पुन्हा टांग मारत. छप्पन वर्षांचा गडी. एसटीतली माणसं खिडकीतून बघून हसायची. पुष्करही पहिल्यांदा हसला होता.

‘रोज जाता, काम काय असतं?’ त्याने एकदा लिहिलं.

“काम असलं तर यष्टीनं जाईन की.” मग म्हणाले, “यष्टीत कंडक्टर वरडतोय, मानसं हसत्यात. गाव म्हागं गेलं तरी मला पत्त्या न्हाई. घरात ही हातवारं करून दमती. ह्या रस्त्याला मी बहिरा न्हाई, गड्या. हितं येक बी मानूस मला बहिरा म्हनत न्हाई.”

पुष्करच्या मनात आलं, इथे माणूसच नाही तर म्हणणार कोण. पण ते त्याने लिहिलं नाही.

मग चौऱ्याण्णवच्या पावसाळ्याआधी एक्केचाळीसचा बार चोरीला गेला. भंगारात गेला असणार. बार गेल्यावर कुणाच्या तरी उसाच्या दोन ट्रॉल्या आत शिरल्या, पावसात मुरूम खचला आणि सेहेचाळीसच्या मोरीवर कंबरभर खड्डा पडला. हंबीरराव त्यात सायकलसकट गेले. गुडघा फुटला. ओसरीवर पाय लांब करून बसले असताना त्यांनी पुष्करला बोलावून घेतलं.

“अर्ज लिव्ह. खड्डा बुजवा. बार बसवा. दोन वळी. बास.”

दोन ओळींचा अर्ज! बीकॉमच्या पदवीला तो कमीपणा वाटला. पुष्करने दीड पान लिहिलं. त्यात शेकडो विद्यार्थी आले, दूध उत्पादक आले, ग्रामीण भागाचा सर्वांगीण विकास आला. खड्डा तिसऱ्या परिच्छेदात आला आणि बार दुसऱ्या पानावर अगदी शेवटी, ‘तसेच’ या शब्दामागे उभा राहिला. पहिली सही हंबीररावांनी केली, वळणदार, खाली आपला फौजी नंबर घालून. अंबूबाईंनी अंगठा दिला. मग वाडीत फिरून साठ सह्या झाल्या. कशावर केल्या हे कुणी विचारलं नाही.

शिक्क्यासाठी भाऊसोंकडे जावं लागलं. भाऊसो वाडीचे सरपंच. त्यांचा पंधरा एकर ऊस कालव्याला लागून, आणि कारखाना पलीकडच्या अंगाला. त्यांनी अर्ज सावकाश वाचला आणि चष्म्यावरून पुष्करकडे पाहिलं.

“शेकडो?”

पुष्कर ओशाळला. “म्हणजे… तसं लिहायची पद्धत असते. खोडू का?”

“खोडतोस कशाला? ऱ्हाऊ दे,” भाऊसो शिक्क्यावर फुंकर घालत म्हणाले. “लय झ्याक लिवलंयस.”

दोन वर्षं काही झालं नाही. गुडघा बरा झाल्यावर खड्डा हंबीररावांनी स्वतःच घमेल्याने मुरूम टाकून बुजवला. बाराच्या जागी बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या फेसाट्या आडव्या टाकल्या. पुष्कर अर्ज विसरला. टायपिंगची परीक्षा दोनदा नापास झाला, तेही विसरला.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर एक दिवस पुष्कर कालव्यावर आला तर हंबीरराव एक्केचाळीसच्या दगडाशी सायकल लावून उभे. तोंडभर हसू. रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग पडले होते, एकामागे एक, नजर जाईल तिथवर.

“बीकॉम! लागू झाला की रं अर्ज! आँ? सरकार दांडगं हाय. येका खड्ड्याला एवढी खडी!” आणि पाठीत असा धपाटा घातला की पुष्करला ठसका लागला. “आता बार बी येनार बघ.”

पुष्करही हसला. खरं म्हणजे त्याची छाती फुगली. दोघं तसेच ढिगांच्या कडेने सायकली चालवत निघाले. पंचेचाळीसच्या दगडापुढे वळण घेतलं आणि हंबीररावांनी पाय टेकले. करंजाच्या सावलीत डांबराची पिंपं रचून ठेवली होती. तीस-चाळीस असतील. एक गळून खाली काळा ओघळ आला होता, त्यात एक पाखरू चिकटून मेलं होतं.

हंबीररावांनी एका पिंपावर बोटांच्या हाडाने ठोकून बघितलं, तळवा टेकवून. मग वास घेतला.

“हे कशाला?”

पुष्करने काटकी शोधली आणि खाली वाकला. तिथे खडी पसरलेली होती. काटकी नुसती खडखडली, अक्षर उमटेना. तो उभा राहिला आणि हाताने दाखवलं, एक्केचाळीसकडून पन्नासकडे, सगळं.

“समदं?”

मान हलली.

“कुनी मागितलं?”

पुष्करने आपल्या छातीवर बोट ठेवलं. एवढी एकच खूण त्याला सुचली, आणि आयुष्यातलं बहुधा सगळ्यात कमी शब्दांतलं बोलणं ते होतं. हंबीररावांनी त्या बोटाकडे बघितलं.

“न्हाई रं,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बेताचा निघाला. “पयली सही माजी हाय.”

दुसऱ्या दिवशी पुष्करने खरा अर्ज लिहिला. दोन ओळी. ‘सदर रस्त्यावरून दिवसाला दोनच सायकली जातात. तो मुरमाचाच ठेवावा व बार बसवावा.’ सह्यांसाठी वाडीत फिरला. साठ माणसांपैकी एकानेही सही केली नाही. “येडा झालास व्हय?” “आता ऊस शेतातनं थेट कारखान्यात, आन तू बार घालायला निघालास?” एका म्हातारीने तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, वाडीचं भलं केलंस म्हणून. शेवटी तो हंबीररावांच्या एकट्या सहीचा कागद घेऊन सातारला एका कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनाने शांतपणे फाईल काढली. अर्जाचं पहिलं पान होतं. ‘दररोज शेकडो’च्या खाली तांबड्या शाईची रेघ होती. दुसरं, बाराचं पान नव्हतं.

“हे अक्षर कुणाचं?” कारकुनाने विचारलं.

“माझंच.”

“आणि हे आजच्या अर्जाचं?”

“तेही माझंच.”

“दोन वर्षांपूर्वी शेकडो जात होते. आता दोन राहिले.” कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. “बाकीचे कुठं गेले म्हणायचे? खड्ड्यात?”

शेजारच्या टेबलावरचा हसला. पुष्करलाही हसू आलं, ते काही केल्या थांबेना, आणि कारकुनाला वाटलं पोरगा मस्करी करायला आला होता. त्याने कागद परत केला. “काम मंजूर आहे, पैसे आलेत. रस्ता होतोय तर तुम्हाला दुखतंय काय?”

कुठे दुखतंय ते दोन ओळींत सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि दीड पानाची हिंमत आता नव्हती.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत रस्त्याचं उद्घाटन झालं. मांडव, लाऊडस्पीकर, पेढे. भाऊसोंनी भाषणात सांगितलं की एका तरुणाच्या लेखणीने हा रस्ता झाला, आणि पुष्करला नारळ आणि फेटा दिला. दुसरा नारळ पहिल्या सहीचे मानकरी म्हणून हंबीररावांना. ते मेडल लावून खुर्चीवर ताठ बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की मागाहून तेही वाजवत, कशासाठी ते न कळता, आणि त्यांच्या दोन टाळ्या मागे उरून मांडवात एकट्याच ऐकू येत. मग फीत कापली आणि उसाच्या अकरा ट्रॉल्या हार घालून, टेप लावून, ओळीने डांबरावरून गेल्या. हंबीररावांनी पायातली वहाण काढून तळवा जमिनीवर टेकवला होता. ते फक्त पुष्करने पाहिलं.

संध्याकाळी तो वाडीत गेला. अंबूबाई चुलीपाशी होत्या.

“मावशी, ती शपथ सोडवता येणार नाही का? तुम्हीच उचलायला लावला होता भंडारा. तुम्ही सांगितलं तर…”

“सोडवीन की. पालीला जाऊन दही-भाताचा निवद दावला की सुटतोय.” त्यांनी भाकरी उलटली. “आन मग? हे ट्रालीम्होरनं सायकल चालवत्याल, म्हागनं त्यो पोरगा टेप लावून येनार. त्याला बी ऐकू येत न्हाई, ह्यांस्नी बी न्हाई. सांग की बाबा, तू शिकलेला हायस. सोडवू?”

पुष्करने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“तुज्या हातनं चांगलं झालं म्हनत्यात समदी,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नंतरचे काही दिवस हंबीररावांनी मळ्यातल्या खळ्यात सायकल चालवून बघितली. बारा पावलांचं खळं, मध्ये मळणीचे बैल बांधायचा तिवडा. सकाळी गोल गोल वीस फेऱ्या. पुष्कर बांधावर उभा राहून बघत होता, कडब्याच्या गंजीवरून पोरं ओरडत होती, “म्हातारबा घान्याला जुपला!” ते ओरडणं त्यांना ऐकू आलं नाही, पण पोरांची तोंडं दिसली. अंबूबाई सारवलेलं खळं चाकाने उकरलं म्हणून करवादल्या. नवव्या दिवशी हंबीररावांनी सायकल गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगली. मागच्या चाकाची ट्यूब कापून तिच्या पट्ट्या वैरण बांधायला झाल्या.

अठ्ठ्याण्णव साली त्यांची लेक राजेश्वरी दोघांना सांगलीला घेऊन गेली. पुढच्या वर्षी पुष्करलाही मिरजेला औषधाच्या दुकानात हिशेब लिहायचं काम लागलं. आता ‘सध्या काय करतोस’ला उत्तर होतं, तर विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. एका रविवारी त्याने मिरजेतल्या एका सायकलच्या दुकानातून वालट्यूब घेतली, वीतभर, व्याजासकट. दुकानदाराने वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिली. ती शर्टाच्या खिशात घालून तो सांगलीला गेला.

राजेश्वरीचं घर मोठ्या रस्त्याला होतं. पायरी उतरली की ट्रक, रिक्षा, एसटी. हंबीरराव पायरीवर बसले होते, लोखंडी कठड्याला हात लावून. वाळले होते. पुष्कर शेजारी बसला तरी त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी बघितलं, ओळखलं, गुडघ्यावर थाप मारली.

“आलास!” कठडा थरथरला. “ट्रक,” ते रस्त्याकडे न बघता म्हणाले. समोरून रिक्षा गेली. पुन्हा कठडा थरथरला. “यष्टी.” टेम्पो होता. “हितं समदं येकदमच वाजतंय रं. काय सोडवता येत न्हाई.”

आतून अंबूबाईंनी चहा आणून दिला, मिरजेतल्या नोकरीचं विचारलं, जेवून जा म्हणाल्या. पुष्कर खिशावर हात ठेवून बसला होता. ते विचारतील, की काढायची. पाच वर्षं विचारलं होतं, आजही विचारतील. मग पुडी हातावर ठेवायची, आणि ते हसतील, आणि मग जे काय बोलायचं ते बोलता येईल, कागदावर लिहून का होईना.

अर्धा तास गेला. हंबीररावांनी पाणी विचारलं, पाऊस झाला का विचारलं, कालव्याला पाणी सुटलं का विचारलं. वालट्यूबचं विचारलं नाही.

पुष्करने खिशात दोन बोटं घातली. सायकल आढ्याला टांगलेली, ट्यूब वैरणीला बांधलेली. पुडी हातावर ठेवली तर ती कशासाठी, हे त्यालाच सांगता येईना. त्याने बोटं तशीच बाहेर काढली आणि उठला. हंबीरराव कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले, रस्त्याच्या अगदी कडेने, भिंतीला हात लावत.

“ये कवातरी,” ते म्हणाले. मागून टेम्पोने हॉर्न दिला, दोनदा. पुष्करने त्यांचा दंड धरून आत ओढलं. टेम्पोवाल्याने जाता जाता तोंड बाहेर काढून जे काय म्हटलं, ते ऐकायला एकटा पुष्करच होता.

मिरजेच्या बसमध्ये बसल्यावर त्याने खिसा चाचपला. पुडी होती.